माया कुठे ठेवायची?

मावशीने मला शिवण शिकवली तेव्हा कातरी हातात देण्याआधी एक शब्द दिला: माया. शिवणीच्या आत, बाहेरून दिसणार नाही असं जास्तीचं कापड सोडायचं, ती माया. उद्या अंग भरलं, कापड धुण्यात आटलं, कपडा दुसऱ्या कुणाच्या अंगावर गेला, तर शिवण उसवायची आणि मायेतून बोटभर कापड बाहेर घ्यायचं. माझ्या खडूच्या रेघा मारून झाल्या की ती मागून वाकून विचारायची, “माया किती ठेवलीस?” उत्तर दोन बोटांपेक्षा कमी आलं, तर कातरी माझ्या हातातून तिच्या हातात जायची.

त्या सवयीवर माझे सुती कपडे वर्षानुवर्षं टिकले. आणि त्याच सवयीने ताणणाऱ्या कापडाचा माझा पहिला स्कर्ट बुडवला.

माझ्याकडे साध्या सरळ स्कर्टचा एक पॅटर्न होता. तपकिरी कागदाचा, कडा मऊ पडलेल्या, टाचण्यांनी चाळण झालेला. त्यावर मी निदान सात-आठ स्कर्ट बेतले असतील. मग एकदा गडद निळं जर्सीचं कापड हाती आलं. मऊ, जडसर, टेबलावर ठेवलं तर आपल्या आपण घरंगळत खाली जाणारं. मी तोच कागद काढला. सीटच्या, म्हणजे नितंबांच्या घेराच्या, मापात ४ सेंटिमीटर सैल धरलेलेच होते, वर दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया. शिवून घातला, तर कमरेखाली दोन्हीकडे कान फुटल्यासारखं दिसायला लागलं. आतली माया गुंडाळी होऊन बसली होती आणि स्कर्ट पावलागणिक खाली सरकत होता. चालायचं, वर ओढायचं, चालायचं, वर ओढायचं.

दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले, म्हणजे उलट्या बाजूने चुकले. खास स्ट्रेच कापडासाठी काढलेला पॅटर्न आणला. अंगाबरोबर बसणारा, गुडघ्यापर्यंतचा पेन्सिल स्कर्ट. त्याची मापं बघितली तर सीट माझ्या मापापेक्षा ६ सेंटिमीटर कमी! छापण्यात चूक असेल असं वाटलं. मग उमगलं, की इथला हिशोबच तसा असतो; उरलेले ६ सेंटिमीटर कापडाने ताणून भरून काढायचे. ठीक. मी एक जाडसर, सुरेख पडणारं कापड घेतलं. त्यावर ‘स्ट्रेच’ लिहिलेलं होतं आणि मला तेवढं पुरलं. तो स्कर्ट मांड्यांपर्यंत आला आणि तिथे त्याने बसकण मारली.

एकाच अंगावरून एक स्कर्ट घसरतो आणि दुसरा त्याच अंगावर चढत नाही, तेव्हा दोष मापाचा नाही एवढं तरी कळतं. मी दोन्ही वेळा कागद नीट पाहिला होता. कापडाला कुणी काही विचारलंच नव्हतं.

*

मराठीने इथे आपली थोडी पंचाईत करून ठेवली आहे. मागावर कापड विणतात, सुयांवर स्वेटर विणतात आणि कोळी जाळंही विणतो. क्रियापद एकच. त्यामुळे ‘विणलेलं कापड’ म्हटलं की डोळ्यांसमोर एकच काहीतरी येतं आणि दोन अगदी वेगळ्या स्वभावांची कापडं एका नावाखाली नांदतात.

मागावरच्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा. सगळे धागे सरळ, एकमेकांच्या खालून-वरून गेलेले. सरळ धागा ओढला तर तो आणखी सरळ कसा होणार? म्हणून ते कापड उभं-आडवं ओढलं तर ढिम्म राहतं. तिरपं, उरेब धरलं तरच थोडं हलतं. गंमत अशी, की सहसा ज्या कापडात ताणा असतो ते ताणत नाही आणि जे ताणतं त्यात ताणाच नसतो. होजिअरीच्या साध्या कापडात, म्हणजे आपल्या टी-शर्टच्या किंवा बनियनच्या कापडात, सरळ धागा शोधून सापडणार नाही. एका फासातून दुसरा फास ओवलेला, त्यातून तिसरा, असं सगळं कापड. ओढलं की धागा लांबत नाही, फासाचा आकार बदलतो; उभट असलेला फास आडवा पसरतो. म्हणून असं कापड बहुतेक वेळा आडवं जास्त ताणतं, उभं कमी. स्कर्ट बेतताना ही जास्त ताणणारी बाजू अंगाभोवती यायला हवी. एकदा कापड पुरेना म्हणून मी ती उभी घेतली. त्या स्कर्टमध्ये पाऊल टाकता येत नव्हतं आणि संध्याकाळपर्यंत तो लांबीने मात्र वाढला होता.

फास ओवण्याचं हे काम यंत्राकडून करून घेण्याची युक्ती इंग्लंडमधल्या विल्यम ली याने १५८९ मध्ये काढली, आणि तीही पायमोज्यांसाठी. ते पटण्यासारखंच आहे. पोटरी फुगीर, घोटा बारीक, टाच मध्येच वळलेली. मागावरच्या कापडाने एवढ्या वळणांशी किती भांडायचं? पुढे कैक पिढ्या हे कापड मुख्यतः मोजे, आतले कपडे आणि खलाशांचे स्वेटर यांतच वावरलं. बाहेर मिरवायच्या पोशाखात ते ठळकपणे आलं ते १९१० च्या दशकात, फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेलने जर्सी वापरायला घेतली तेव्हा. जर्सी हे नाव इंग्लिश खाडीतल्या बेटाचं. जर्सी गायही तिथलीच, त्यामुळे कपाटातला तो निळा स्कर्ट आणि ती गाय नात्याने एका गावच्या.

पण नुसता फास भोळा असतो. ओढाल तेवढा येतो आणि परत जायचं विसरतो. त्याला परत आणणारा धागा फार अलीकडचा: ड्यूपाँ कंपनीतले रसायनतज्ज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी तो १९५८ मध्ये तयार केला. आपण त्याला इलास्टेन म्हणतो, स्पँडेक्स म्हणतो किंवा कंपनीने ठेवलेल्या नावाने लायक्रा म्हणतो. हा धागा मूळ लांबीच्या पाचपट ओढला तरी सोडल्यावर जागेवर येतो. कापडाच्या चिठ्ठीवर ‘९५ टक्के कॉटन, ५ टक्के इलास्टेन’ असं असतं, त्यातले ते ५ टक्के हे काम करत असतात. फार उष्णता आणि क्लोरीनचं ब्लीच त्याला सोसत नाही. गरम इस्त्री फिरवून फिरवून मी एका स्कर्टची कंबर कायमची म्हातारी केली आहे.

*

आता मी कागदाच्या आधी कापडापाशी बसते. कापडाची एक घडी घालते, कडेपासून चार बोटं आत, एकमेकींपासून बरोबर १० सेंटिमीटरवर दोन टाचण्या टोचते आणि पट्टीवर धरून ओढते. जोर लावून नाही. कापड कुरकुरायला लागेपर्यंत. दुसरी टाचणी १३ वर थांबली तर कापड ३० टक्के ताणतं, १५ वर थांबली तर ५० टक्के. मांडीवर बसकण मारलेल्या त्या स्कर्टच्या उरलेल्या तुकड्यावर मी नंतर ही परीक्षा घेतली. टाचणी साडेअकरावर थांबली. १५ टक्के. पॅटर्नने मागितले होते ४०. पॅटर्नच्या पाकिटाच्या मागे एक छोटी पट्टी छापलेली असते, ‘कापड इथून इथपर्यंत ताणलं पाहिजे’ असं दाखवणारी. मी ती इतके दिवस नक्षी समजत होते.

ओढणं हे अर्धंच काम. सोडल्यावर टाचणी कुठे येते, तिथे माझे डोळे असतात. एकदा ओढून सोडलेलं बहुतेक कापड शहाण्यासारखं वागतं. म्हणून मी ओढून धरते, मनातल्या मनात साठपर्यंत मोजते, सोडते, पुन्हा ओढते. असं पाच वेळा. मग कापड दहा मिनिटं तसंच पडू देते आणि टाचण्यांमधलं अंतर मोजते. १० चे १० आले, उत्तम. १० चे १०.५ आले, तर त्या कापडाचा घेरदार स्कर्ट होईल; अंगाबरोबरचा होणार नाही. याहून जास्त आले, तर मी ते कापड गळ्याभोवती गुंडाळायच्या कामाला ठेवते.

हे कळायला मला एक राखाडी रिबचा, म्हणजे उभ्या रेघांच्या विणीचा, स्कर्ट खर्ची घालावा लागला. ते कापड पट्टीवर १६ पर्यंत जायचं आणि मी हरखून गेले होते. सकाळी घातला तेव्हा इतका नेटका बसला, की मी दोनदा आरशासमोर गेले. मग दिवसभर खुर्चीत काम. संध्याकाळी उठले तर मागे झोळ, गुडघ्यांच्या जागी दोन वाट्या. मी उभी राहिले होते, स्कर्ट बसलेलाच होता.

ताणणं आणि परत येणं यावर जगण्याचं काहीतरी लिहायचा मोह मला तिथे झाला होता. आवरला. ५ टक्के इलास्टेनला एवढं ओझं झेपणारं नाही.

*

घरी शिवणाऱ्यांसाठी वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला एबेनेझर बटरिक यांनी अमेरिकेत १८६३ मध्ये सुरुवात केली, आणि पहिले पॅटर्न म्हणे त्यांनी हातांनीच घड्या घालून पाठवले. त्या काळात कागदाने हुकूम सोडायचा आणि कापडाने ऐकायचं, कारण मागावरचं कापड मुळात ऐकणारं. स्ट्रेच कापडात हा कारभार उलटा आहे. मी आधी चित्र पसंत करून मग कापड शोधायला निघत असे. चुकीच्या माणसाचं माप घेऊन सदरा शिवण्यासारखंच ते. आता कापडाचा आकडा कागदावर लिहून त्याला झेपेल असा पॅटर्न बघते. चित्र सगळ्यात शेवटी. पॅटर्नवरची मॉडेल उभी असते आणि तिला दिवसभर कुठे बसायचं नसतं.

पॅटर्न उघडला की मी आधी तयार कपड्याची मापं शोधते. अंगाच्या मापांचा तक्ता वेगळा आणि तयार कपड्याचा वेगळा. या दोन आकड्यांतली वजाबाकी हाच पॅटर्नचा खरा स्वभाव. माझी सीट ९८. तयार स्कर्टची सीट १०२ असेल तर तो पॅटर्न मनाने अजून मागावरच्या कापडाचा आहे. ९२ असेल, म्हणजे साधारण ६ टक्के कमी, तर कापड चांगलं ताणणारं आणि परत येणारं पाहिजे. ९६-९७ असेल तर जाड, कमी ताणणाऱ्या पाँटे कापडालाही तो चालतो. ज्या पॅटर्नवर तयार मापं दिलेलीच नाहीत, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. तो कितीही देखणा असो.

दुसरं गणित कंबरेचं, आणि ते शिवणारे हमखास विसरतात. चेन नाही, हुक नाही, म्हणजे स्कर्टची कंबर सीटवरून वर चढणार. माझी कंबर ७२, सीट ९८. स्कर्टची कंबर बरोबर ७२ कापली तर तिला ९८ व्हावं लागेल, म्हणजे ३६ टक्के ताणावं लागेल, आणि तेही आतल्या इलॅस्टिकसकट. कापड २० टक्केच ताणत असेल तर? मग कंबर ८२ ची कापायची. ८२ चे २० टक्क्यांनी ९८ होतात, स्कर्ट वर चढतो आणि उरलेले १० सेंटिमीटर इलॅस्टिक बारीक चुण्यांत गोळा करतं. माझा तो मांडीवर बसलेला स्कर्ट या एका भागाकाराने वाचला असता.

आणि आकार. पाँटेसारखं दुहेरी विणीचं कापड जाड, शांत, कापलेली कड न गुंडाळणारं. सरळ किंवा किंचित खाली पसरणाऱ्या स्कर्टला त्याच्यासारखं दुसरं नाही. पहिला स्कर्ट शिवणाऱ्याने तेच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. पातळ जर्सी दिसते सोपी, पण तिची कड कापल्याबरोबर वळते. आडवी कड सुलट बाजूकडे, उभी कड उलट बाजूकडे. (सुलट-उलट ओळखायची खूणही हीच: आडवी कापलेली कड ओढा, ती ज्या बाजूला वळेल ती सुलट.) शिवाय अंगाबरोबरच्या स्कर्टमध्ये पातळ जर्सी आतल्या प्रत्येक रेघेची चहाडी करते. ती घेरात शोभते.

घेराचंही एक प्रकरण आहे. पूर्ण गोल स्कर्ट नवशिक्यांना सोपा म्हणून सांगतात. सोपा आहेच, कापेपर्यंत. कंबरेच्या मापाला ६.२८ ने भागायचं, तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ मध्ये काढायचं. ७२ ला साधारण साडेअकरा सेंटिमीटर. अर्ध्या गोलाला ३.१४ ने भागायचं. मी जर्सीचा पूर्ण गोल कापला, शिवला, त्याच रात्री काठ दुमडून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी दोन बाजूंना काठ चार बोटं खाली आलेला. गोलात कापडाच्या सगळ्या दिशा येतात, आणि जिथे कापडाची जास्त ताणणारी बाजू उभी लटकते, तिथे ते स्वतःच्या वजनानेच लांबतं. काठ दुमडण्याआधी स्कर्ट एक पूर्ण दिवस टांगून ठेवायचा, त्याला किती उतरायचं ते उतरू द्यायचं, आणि मग जमिनीपासून मोजून काठ सारखा करायचा. कंबरेचं भोकही मापापेक्षा थोडं लहानच कापायचं. खाली लोंबणारं वजन ते मोठं करतं.

*

मशीनबद्दल फार बोलणार नाही. ओव्हरलॉक, म्हणजे शिवतानाच कड बंद करणारं मशीन, नसेल तर स्ट्रेच शिवता येत नाही ही अफवा आहे; माझे पहिले दहा स्कर्ट साध्या घरगुती मशीनवर झाले. सुई मात्र बदलावीच लागते. नेहमीच्या सुईचं टोक टोकदार. ते फासाचा धागा चिरून जातं आणि त्या भोकातून शिडी सुटते. जर्सीच्या सुईचं टोक किंचित गोल, ती धागा बाजूला सारून आत शिरते. कापडात इलास्टेन जास्त असेल आणि टाके सुटत असतील तर त्याहून वेगळी, स्ट्रेचची सुई येते. ७५ नंबर पातळ कापडाला, ९० जाडाला. मी या सुटणाऱ्या टाक्यांसाठी मशीनला महिनाभर बोल लावला होता, तेल दिलं होतं, दोरा पंधरा वेळा ओवला होता. दोष एका सुईचा होता.

सरळ टाकाही इथे कामाचा नाही. कापड ताणतं, दोरा ताणत नाही. खाली बसलं की शिवण कट्ट करून तुटते. अगदी अरुंद झिगझॅग, रुंदी अर्धा मिलिमीटर आणि लांबी अडीच, दिसतो सरळ टाक्यासारखा आणि ओढल्यावर जागा देतो. दोरा पॉलिएस्टरचा. आणि हात कापडाला मार्ग दाखवण्यापुरतेच. मला मागावरच्या कापडाची सवय, मी पुढून-मागून घट्ट धरून शिवायची, आणि शिवण कोबीच्या पानासारखी नागमोडी व्हायची. मशीनच्या पायाचा दाब कमी केला, हात सैल सोडले, तेव्हा ती सरळ झाली. उरलेली लाट वाफेच्या इस्त्रीने बसते. इस्त्री फिरवायची नाही, उचलून ठेवायची, उचलून ठेवायची.

*

हे सगळं माझ्या कपाटापुरतंच राहिलं असतं. मावशी या कापडाला बनियनचं कापड म्हणायची आणि विषय संपवायची. “त्याला बेतायचं काय? ओढलं की झालं.” मला राग यायचा, कारण पहिल्या दोन स्कर्टच्या वेळी माझाही समज नेमका तोच होता.

मग तिच्या बोटांची पेरं सुजायला लागली. आधी सुईत दोरा ओवणं गेलं. मग बटणं. एक दिवस तिने मला फोन केला आणि काही प्रस्तावना न करता म्हणाली, “मला एक स्कर्ट शिवून दे. हुक नको, चेन नको. नाडी तर नकोच, गाठ सुटत नाही मला.” थोडं थांबून म्हणाली, “तुझ्या त्या कापडाचा.”

माप घ्यायला गेले तर ती सवयीने ताठ उभी राहिली आणि मलाच म्हणाली, “श्वास सोडलाय, घे आता.” कंबर ८४, सीट १०२. मी तिला खुर्चीत बसवून पुन्हा मोजलं. बसल्यावर सीट ५ सेंटिमीटरने वाढली. हे बसलेलं माप ती स्वतः कधी घ्यायची नाही, सैलात धरायची. गडद हिरवं पाँटे घेतलं होतं, ३५ टक्के ताणणारं. ८४ ला १०२ व्हायला २२ टक्के पुरतात, म्हणजे कंबर तिच्या मापाचीच कापता येत होती, एकही चुणी न घालता. कापड आधी धुऊन, सपाट पसरून वाळवलं. आटायचं ते माझ्याकडे आटू दे.

खरा विचार करावा लागला तो कमरेच्या पट्टीचा. घट्ट इलॅस्टिक वर ओढायला चिमटीत जोर लागतो आणि तिच्याकडे जोर असतो तो तळव्यात. म्हणून स्कर्टच्याच कापडाची रुंद पट्टी दुहेरी घेतली, आत मऊ, ३ सेंटिमीटर रुंद इलॅस्टिक, कंबरेपेक्षा फक्त ४ सेंटिमीटर कमी. इलॅस्टिकचं कडं करून त्याचे चार भाग केले, पट्टीचे चार भाग केले, खुणेला खूण जुळवली आणि शिवताना ओढलं ते फक्त इलॅस्टिक, कापड नाही. बाजूच्या शिवणींवर उभी टीप मारली म्हणजे ते आत पिळत नाही. आणि आतून, दोन्ही बाजूंना, सुती पट्टीचे दोन फास लावले. त्यात अंगठे अडकवायचे आणि हात वर घ्यायचे. हा उद्योग कुठल्याच पॅटर्नमध्ये नव्हता. रात्री स्वतःच्या बोटांना चिकटपट्टी गुंडाळून मी चार वेळा तो स्कर्ट चढवून-उतरवून पाहिला.

तिने स्कर्ट हातात घेतला आणि घालायच्या आधी उलटा केला. मला माहीत होतं, ती काय शोधते आहे. बाजूच्या शिवणीवरून तिने अंगठा फिरवला. तिथे होती ६ मिलिमीटरची कड, झिगझॅगने बंद केलेली.

“माया?”

“एवढीच.”

“एवढीशी? आणि मी जाड झाले तर?”

मी कंबर तिच्या दोन्ही तळव्यांत दिली. “ओढ.”

तिने ओढलं. सोडलं. पुन्हा ओढून धरून ठेवलं, कापडाकडे डोळे बारीक करून बघत राहिली, सोडलं आणि कंबर मांडीवर ठेवून वितीने मोजली. मी माझ्या टाचण्यांचं तिला कधी सांगितलेलं नव्हतं. मग तिने उभी बाजू ओढली. मग काठ. मग शिवण धरून कानापाशी नेली आणि ताणली, दोरा तुटतो का ते ऐकायला.

“दुसऱ्या कुणाला देता येणार नाही उसवून,” ती म्हणाली. तेही खरं होतं. ६ मिलिमीटरमधून बाहेर काढायला काही नव्हतं, आणि झिगझॅग उसवताना हे कापड फाटतंच.

ती स्कर्ट घालून आली तेव्हा मी मुद्दाम काही विचारलं नाही. ती खुर्चीत बसली. आम्ही दीड-दोन तास बोललो. तिने मधेच एकदा पाय वर घेऊन मांडी घातली. उठताना माझ्याकडे पाठ केली.

“मागे बघ. उठलाय का माझ्याबरोबर?”

उठला होता. गुडघ्यापाशी एक हलकी घडी होती, ती माझ्या डोळ्यांदेखत सपाट झाली.

तिचा हात तोवर बाजूच्या शिवणीवर फिरत होता, वर, खाली, पुन्हा वर. “खिसा कुठाय याला?”

मी म्हटलं, स्ट्रेचला खिसा लावला की किल्ल्यांच्या वजनाने लोंबतो, तोंड वासतं, मी त्या भानगडीत पडत नाही.

“खडू आण,” ती म्हणाली. अंगठ्याच्या बेचक्यात खडू धरून तिने हिरव्या कापडावर एक तिरपी रेघ मारली. थोडी थरथरली, पण नेमकी जिथे हात पडतो तिथे. “तोंडाला आतून मागावरच्या कापडाची पट्टी लाव. उभी शिवण आहे, तिला कुठे ताणायचंय? झोळी पण सुती कर. आणि ती वरून कमरेच्या पट्टीत अडकव, म्हणजे भार शिवणीवर यायचा नाही.”

मी लिहून घेत होते.

“आणि त्या झोळीला,” ती म्हणाली, “दोन बोटं माया ठेव.”